भटकी नस

गोरेवाड्याकडून त्यांनी चितळाचं पाडस आणलं
पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलवर,
मे महिन्यात, दुपारी दोनला.
कुत्री लागली होती म्हणाले.
उइके वनरक्षकाने टेबलावर ठेवलं
तसंच ते राहिलं, मान लांब, डोळे उघडे.
"मेलं काय जी? हालून नाही राहिलं."

स्टेथोस्कोप लावला.
कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास,
आणि खाली, खूप खाली,
एक ठोका.
मग एवढी जागा
की उइकेने तेवढ्यात दुपट्ट्याने मान पुसली.
मग दुसरा.

मिनिटाला अडतीस.
या वयाला दीडशेच्या वर पाहिजेत.
"जिवंत आहे," मी म्हटलं. "लपलंय."
"लपलं कुठं? टेबलावर तर हाय!"

कॉलेजात आमच्याकडे एक ड्रम होता,
काजळी धरलेला कागद त्यावर ताणलेला.
बेडकाचं हृदय त्या काळ्यावर पांढरी रेघ ओढायचं.
बोरकुटे सर पिपेटने एक थेंब सोडत,
ॲड्रेनलिनचा, की रेघेला डोंगर फुटायचे.
दुसरा थेंब ॲसिटिलकोलिनचा,
की रेघ सतरंजीसारखी पसरायची.
ते कागद आम्ही रोगणात बुडवून दोरीवर वाळत घालायचो.
परीक्षेत प्रश्न यायचा:
धोका दिसल्यावर प्राणी काय करतो?
लढतो किंवा पळतो.
दोन गुण.

मेंदूच्या देठात एक ठिपका आहे.
माणसाचा मेंदू कापला तर तो निळसर दिसतो,
पाडसाचा एवढा रंगत नाही, काम तेच.
काही खुट्ट झालं की तिथून नॉरॲड्रेनलिन सुटतं,
सगळीकडे एकदम दिवे लागतात.
त्याच्या जरा वर, मधल्या नळीभोवती, राखाडी थर.
तो हिशेब करतो:
वास किती जवळ आला, वाट उरली का,
पाय पुरतील का.

पुरणार नसतील
तर गळ्यातून एक नस उतरते,
हृदयाशी थांबते, पोटाकडे जाते.
पुस्तकात तिला प्राणेशा म्हणतात.
मी भटकी म्हणते.
ती हृदयाशी येऊन सरांच्या पिपेटमधला
तो दुसरा थेंब टाकते.
गप.
रक्तात पहिला थेंबही असतोच.
चालू लुना, दोन्ही ब्रेक आवळून धरलेली.
बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बंद आहे.

एकोणीस वर्षांची होते.
गांधीबागेत कापडाची दुकानं मिटलेली,
एकाने माझ्या सायकलचं हँडल धरलं.
मी ओरडले नाही.
पळाले नाही.
त्याच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या रंगाचं होतं,
तेवढं आजही सांगता येतं.
पलीकडून रिकामी हातगाडी खडखडत आली
आणि तो गेला.
घरी आईने विचारलं, तोंड नव्हतं का तुला?
हा प्रश्न मी सत्तावीस वर्षं सोडवत होते,
दोन्ही उत्तरं चुकीची येत होती.

"उइके, बाहेर व्हा. आणि कूलर बंद करा."
"बंद? सेहेचाळीस हाय बाहेर."
"बंद करा."

पाडसाच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला.
हात काढून घेतला, हाताचाही वास असतो.
भिंतीला पाठ लावून बसले,
नळी तेवढी त्याच्या बरगडीवर चिकटवलेली.
अडतीस. एकेचाळीस.
बराच वेळ एकेचाळीसच.
माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता
आणि मी हलत नव्हते,
या वेळी माझ्या मर्जीने.
साठ. चौऱ्याण्णव.
कानाचं टोक थरथरलं.

रजिस्टरमध्ये 'प्रतिसाद' असा रकाना आहे.
आल्याआल्या सवयीने 'नाही' लिहिलं होतं.
ते खोडलं.

दाराच्या फटीतून उइके:
"मॅडम, लावू काय आता कूलर?"

थांबा, म्हटलं.
अजून थोडं.